कौसर हिल्मीचे तोडे

१

कपाटाच्या वरच्या खणात पेटी नव्हती.

कौसरबाईंनी हात पार मागच्या फळीपर्यंत फिरवला. शाली होत्या, जुन्या टोपीचा गोल डबा होता, नवऱ्याची छत्री होती. पितळी कडीची लाकडी पेटी तेवढी नव्हती. ती जिथे असायची तिथे फळीवर तिच्याच आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता, आजूबाजूला बारीक धूळ.

त्या पेटीत चांदीचे तोडे होते. कौसर हिल्मी सतरा वर्षांची असताना कैरोच्या एका स्टुडिओत तिने नाविकाच्या मुलीचं काम केलं. दिग्दर्शकाने आणलेले खोटे दागिने तिला आवडले नाहीत, म्हणून तिने आईच्या पायातले तोडे मागून आणले. पडद्यावर ती धक्क्यावरून चालत आली आणि तोडे वाजले, तेव्हापासून पुढची वीस वर्षं इजिप्तमध्ये तिला नाव सांगावं लागलं नाही. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दुबईत राहत असताना, तिला पुन्हा एक सिनेमा मिळाला होता. सोमवारी पहिलं शूटिंग. पहिल्या शॉटमध्ये तेच तोडे पायात असणार होते.

"शुभ्रा, या गमीला," त्यांनी स्टुलावरून उतरत नेहमीची लाडाची हाक मारली, "तोड्यांची पेटी कुठे हलवलीस?"

शुभ्रा आतल्या खोलीत जुने फोटो स्कॅन करत बसली होती. पुण्याची ही मुलगी दोन वर्षं कौसरबाईंचं सगळं काम पाहत होती. दोघींची भाषा म्हणजे थोडं इंग्रजी, थोडं हिंदी, उरलेलं अरबी.

"मॅडम, ती काल दिली ना."

"कुणाला?"

"तुम्ही सांगितलंत त्याला. दारावर डिलिव्हरीवाला आला होता."

"मी कधी सांगितलं?"

शुभ्राला वाटलं, मॅडम गंमत करताहेत. तिने फोन काढला आणि आदल्या दुपारची व्हॉइस नोट लावली. खोलीत एक थकलेला, खर्जातला, ओळखीचा आवाज उमटला.

"या जमीला, आती अस्संदूक लिर्रजुल अलल-बाब."

अरबी फार न कळणाऱ्या शुभ्रालाही एवढं कळलं होतं. सुंदरी, दारावरच्या माणसाला पेटी दे. संदूक तर आपलाच शब्द, आणि बाब म्हणजे दार हे इमारतीच्या पाट्यांवर रोज दिसतं.

कौसरबाईंनी ते एकदाच ऐकलं. मग स्वतःचा फोन उघडून पाहिला. नोट तिथूनच गेली होती. डिलिव्हरीवाल्याचं बुकिंगही तिथूनच झालेलं होतं.

त्या हळूच पलंगावर बसल्या.

"आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "श्वाससुद्धा माझाच आहे. शुभ्रा, मला यातलं काहीही आठवत नाही."

२

त्याच वेळी दोन मजले वर छायाबाईंचा मराठीचा वर्ग चालू होता.

छाया गोखले चिपळूणच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे, शैलेंद्रकडे, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आल्या होत्या. दर शनिवारी सकाळी इमारतीतली मराठी मुलं त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसत. बाई मराठीत विचारत, मुलं इंग्रजीत उत्तर देत. बाईंची त्याला हरकत नसे. कान तयार झाला की जीभ मागोमाग येते, असा त्यांचा अनुभव होता.

आज फळ्यावर एकच शब्द दोनदा लिहिलेला होता. जरा. जरा.

"जरा पाणी दे. हा पहिला," बाई म्हणाल्या. "जीभ दातांच्या मागे. आता दुसरा. जरा म्हणजे म्हातारपण. इथे जीभ टाळूला. सोनम, म्हण."

सोनमने दोन्ही म्हटले. दोन्ही सारखेच आले.

"बट आज्जी, स्पेलिंग सेम आहे," वेद म्हणाला. "हाऊ डू वी नो विच वन?"

"कानाने."

कोपऱ्यात एक वेताची खुर्ची रिकामी होती. ती कौसरबाईंची. शनिवारी त्या वर्गात येऊन बसत, मुलांबरोबर अक्षरं म्हणत आणि त्यांच्याहून जास्त चुकत. पहिल्याच दिवशी त्यांनी छायाबाईंना 'अब्ला' अशी हाक मारली होती. बाईंचा चेहरा उतरला. मी अबला दिसते का, असं त्यांनी घरी शैलेंद्रला विचारलं. नंतर कळलं, इजिप्तमध्ये शिक्षिकेला आदराने अब्ला म्हणतात. तेव्हापासून ती हाक बाईंना आवडू लागली. कुणी आपल्याला इतक्या प्रेमाने अबला म्हणेल, असं चिपळूणला वाटलं नव्हतं.

मागच्या शनिवारी कौसरबाई म्हणाल्या होत्या, "अब्ला, तुम्ही श्रीमंत लोक. तुमच्याकडे ज दोन दोन. आम्हा कैरोवाल्यांकडे एकही नाही. आम्ही सगळ्याचा ग करून टाकतो."

दार वाजलं. शुभ्रा उभी होती, पायात घरातल्याच चपला.

"काकू, जरा खाली येता? मॅडमची तोड्यांची पेटी गेलीय. त्यांनी भिंतीवरचे सगळे फोटो काढून ठेवायला सांगितलेत."

३

खाली भिंतीवर फोटोंच्या जागी नुसते खिळे दिसत होते. फोटो सोफ्यावर उपडे ठेवलेले. छायाबाईंनी त्यांतले दोन बाजूला सारले आणि बसायला जागा केली.

"उद्या संध्याकाळी अफशा येणार आहे," कौसरबाई म्हणाल्या. अफशा म्हणजे नव्या सिनेमाची तरुण दिग्दर्शिका. "तिला मी नाही म्हणून सांगणार."

"एका पेटीपायी?"

"पेटीपायी नाही, अब्ला. जी बाई काल दिलेला हुकूम आज विसरते, तिला सोमवारी संवाद कसे आठवणार? कॅमेरा चालू असेल, सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतील आणि मी गप्प उभी असेन. ते मला बघायचं नाही. त्याआधी आपण होऊन गेलेलं बरं."

"पोलिसांत?"

"काय सांगू? माझी चोरी मीच केली?"

छायाबाईंनी वाद घातला नाही. वर्गात एखादं मूल रडत आलं की त्या आधी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावत. तसंच त्यांनी केलं.

काल दुपारी कौसरबाई सिलिकॉन ओएसिसला अफशाच्या ऑफिसात कपड्यांच्या ट्रायलला गेल्या होत्या. फुजैराहून भाचा तहसीन गाडी घेऊन आला होता, त्यानेच नेलं. तिथे प्रदर्शनासाठी तोडे मागणारा परेश आधीच येऊन बसला होता. कौसरबाईंनी पर्स आणि फोन बाहेर सोफ्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या. फोनला कुलूप नव्हतं. वयाने बोटं इतकी कोरडी झाली होती की फोन त्यांना ओळखतच नसे, म्हणून शुभ्रानेच ते काढून टाकलं होतं. पेटी घेऊन डिलिव्हरीवाला गेला तो त्याच इमारतीच्या रिसेप्शनवर. नाव कौसर हिल्मीचंच दिलेलं. तिथून कुणीतरी ती उचलली. शुक्रवारची गर्दी, कोण ते कुणाला आठवत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही, तहसीन आणि परेश, तिघंही तिथे होतात. आणि शुभ्रा इथे."

"हो. आणि आवाज माझा."

छायाबाईंनी विषय बदलला. उपड्या फोटोंतला एक उचलून त्यांनी सुलटा केला. त्यात काळा बुरखा मागे टाकलेली, कपाळावर सुरकुत्या असलेली एक बेदुईन राणी काठी टेकून उभी होती.

"हा अलीकडचा?"

कौसरबाई पहिल्यांदा किंचित हसल्या. "अडतीस वर्षांची होते तेव्हा. कैरोत कामं कमी झाली होती, म्हणून इथे अजमानला एका मालिकेत ही म्हातारी राणी केली. माझा भाऊ तिथे ध्वनिमुद्रणाला होता. मालिका संपली, मी परत गेले, तो मात्र फुजैराला राहिला, तिथेच लग्न केलं. तहसीन त्याचा मुलगा." त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. "भाषेचा एक मास्तर ठेवला होता. राणी वाळवंटातली, ती ग म्हणणार नाही, म्हणायचा. जिभेखाली खजुराची बी ठेवून मला तासन् तास बोलायला लावायचा. शेवटचा शॉट झाल्यावर मी ती बी समुद्रात थुंकले आणि ठरवलं, खलास. आपलं तोंड, आपली भाषा."

मग त्यांनी फोटो पुन्हा उपडा केला.

"तहसीन येतोय," त्या म्हणाल्या. "मला न्यायला."

४

तहसीन आला तो बर्फात ठेवलेली सुरमई घेऊन. चाळिशीच्या आतला, गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. फुजैराच्या बंदरात एका टर्मिनलच्या ऑफिसात त्याची नोकरी होती. जन्म इथलाच, त्यामुळे हिंदी शुभ्राहून साफ.

"अम्मतो, फिश आणलाय," त्याने आत्याला सांगितलं. "पण इथे बनवू नका. घरी चला. खिडकीतून समुद्र दिसतो, मुली आहेत. बस झालं आता एकटं राहणं."

कौसरबाई आत निघून गेल्या. तहसीन छायाबाईंसमोर बसला.

"टीचरजी, तुम्ही समजावा तिला. मला चोराचा संशय नाही. ती नोट मी आमच्या आयटीवाल्याकडून तपासून घेतली. हल्ली मशीन कुणाचाही आवाज बनवतं ना. पण हा बनवलेला नाही. शंभर टक्के तिचा स्वतःचा आवाज."

"तपासलीत ते बरं केलंत," छायाबाई म्हणाल्या.

"मागच्या थंडीत ती बाथरूममध्ये पडली. सकाळी शुभ्रा येईपर्यंत तशीच पडून होती. मी त्या वेळी फुजैराला, डोंगराच्या पलीकडे. तेव्हापासून फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधतो. आणि आता ही सिनेमात उन्हात चालणार, जिने चढणार."

"मुलींना आत्याआजी आवडते?"

तहसीनचा चेहरा उजळला. "धाकटी तर तिची नक्कल करते. सहा वर्षांची आहे. जेवली नाही की तिची आई म्हणते, राणी येईल हं. की ही लगेच कमरेत वाकते, काठी धरते आणि राणीसारखं खाकरून आम्हालाच दम देते. सगळे पोट धरून हसतात."

छायाबाईही हसल्या. मुलांच्या नकलांचं त्यांना नेहमीच कौतुक.

"मी उद्या संध्याकाळी येतो," तहसीन उठला. "अफशाला ती नाही सांगेल, मग मी तिला घेऊन जाईन. इन्शाल्ला, तिथे बरी राहील."

दारात तो थांबला आणि म्हणाला, "त्या परेशलाही विचारा वाटलं तर. महिनाभर तोड्यांच्या मागे होता तो."

५

परेश कोठारेचं शारजात प्रदर्शन भरणार होतं, जुन्या अरबी सिनेमाचं. मूळचा मुलुंडचा, बोलण्यात थांबा नाही. छायाबाईंनी फोन केला तर तो तासाभरात घरीच आला. शैलेंद्रने चहा पुढे केला.

"छायाताई, डायरेक्ट विचारा ना, चोरी केली का म्हणून."

"केलीत का?"

"नाही. हवे होते मला ते तोडे, हे मान्य. सेंटरपीस होता तो. काचेच्या पेटीत, वरून एकच दिवा. मॅडम म्हणाल्या, पायातली वस्तू पायातच राहील. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा शांतपणे नाही. काल पण त्याचसाठी अफशाच्या ऑफिसात गेलो होतो." त्याने बिस्कीट चहात बुडवलं. "पण विचार करा. उद्या मी ते तोडे प्रदर्शनात ठेवले तर अख्खं शारजा विचारेल कुठून आणले. आणि ठेवायचे नसतील तर चोरून करू काय, घरात घालून फिरू?"

शैलेंद्र हसला. "शोभतील तुला."

"बघ बाबा, आई डिटेक्टिव्ह, मुलगा कॉमेडियन." परेश छायाबाईंकडे वळला. "मला विचाराल तर मॅडमचं वय झालंय. वाईट वाटतं, पण झालंय."

"तुमच्याकडे त्यांचे किती सिनेमे आहेत?"

"कैरोचे जवळपास सगळे. नाविकाची मुलगी, शिंपीण, न्यायाधीशाची बायको, सगळे. एकच गॅप आहे, ती अजमानची राणी. वर्षभर शोधतोय. ज्यांनी बनवली त्यांचं ऑफिस बंद झालं, टेप सडल्या. कैरोत नाही, नेटवर नाही. दुसऱ्यांदा कधी दाखवलीच नाही ती. जगात कुणाकडे नाहीये, ताई. एक फोटो मिळाला, तो पण मॅडमच्याच भिंतीवरचा."

परेश गेला तेव्हा शैलेंद्र म्हणाला, "आई, हा निर्दोष वाटतो. तहसीन तर मऊ माणूस. मग उरली शुभ्रा."

छायाबाईंनी कप उचलले. "किंवा उरल्या कौसरबाई," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मला ती नोट पुन्हा ऐकायची आहे. आपण सगळ्यांनी ती एकदाच ऐकली, आणि ऐकताना फक्त आवाज कुणाचा एवढंच ऐकलं."

६

रविवारी सकाळी शुभ्रा फोन घेऊन आली. डोळे सुजलेले होते. छायाबाईंनी तिला सतरंजीवर, मुलं बसतात तिथेच बसवलं.

"मॅडम तुला कशी हाक मारतात?"

"गमीला. या गमीला. पहिल्या दिवसापासून."

"आता लाव."

नोट वाजली. या जमीला, आती अस्संदूक लिर्रजुल अलल-बाब.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा ऐकताना शुभ्राचा हात फोनवर थांबला. "काकू, यात जमीला आहे."

"आणि पुढे रजुल. माणूस. कौसरबाई माणसाला काय म्हणतात?"

"रागिल," शुभ्रा पुटपुटली. "दूधवाल्याला पण रागिलच म्हणतात. मला कसं कळलं नाही?"

"कारण बाहेर दुकानात, लिफ्टमध्ये, सगळे जमीलाच म्हणतात. ओळखीचा आवाज आणि ओळखीचा शब्द. दोन्ही ओळखीचे असले की माणूस जोडणी तपासत नाही."

"म्हणजे आवाज खोटा आहे?"

"नाही. आवाज खरा आहे. तहसीनने तपासलंय आणि तो त्यात खोटं बोललेला नाही."

शुभ्रा गोंधळून पाहत राहिली. वाचकही गोंधळले असतील तर त्यांनी इथे पुस्तक मांडीवर उलटं ठेवून थोडा विचार करावा. लागेल ते सगळं आतापर्यंत सांगून झालेलं आहे, आणि घाई काही नाही. एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा: आवाज खरा, बाई खरी, पण शब्द तिचे नाहीत, असं केव्हा होतं?

छायाबाईंनी फळ्यावरचे कालचे दोन जरा पुसले नव्हते. त्यातल्या दुसऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "संध्याकाळी सगळ्यांना बोलाव. परेशलाही. आणि मॅडमना सांग, अफशाशी मी आधी बोलणार."

७

संध्याकाळी अफशा आली ती संहितेची फाईल छातीशी धरून. तहसीन दाराजवळ, कौसरबाईंच्या भरलेल्या बॅगेशेजारी उभा होता. परेश खिडकीत. कौसरबाई ताठ बसल्या होत्या, केस नीट बांधून.

"अफशा," त्यांनी सुरुवात केली, "मला तुला सांगायचं आहे की..."

"एक मिनिट," छायाबाई म्हणाल्या. "कौसर, त्याआधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही आयुष्यात ज कधी म्हणालात?"

"कधीच नाही. तुम्हाला माहीत आहे."

"कधीच?"

कौसरबाई थबकल्या. "एकदा. अजमानला."

छायाबाईंनी नोट लावली. या जमीला. लिर्रजुल. या वेळी कौसरबाईंनी मान वळवून, डोळे मिटून ऐकलं.

"हा आवाज तुमचाच आहे," छायाबाई म्हणाल्या, "पण परवाचा नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. तुम्ही अडतिसाव्या वर्षी म्हाताऱ्या राणीचा आवाज काढलात, आणि तो इतका चांगला काढलात की आज तो तुमच्या आजच्या आवाजाला येऊन मिळाला. शुभ्राच काय, तुम्ही स्वतः फसलात. कुणीतरी त्या मालिकेतलं एक वाक्य तुमच्या फोनजवळ वाजवलं आणि व्हॉइस नोट म्हणून पाठवलं."

"पण त्यात शुभ्राला हाक आहे," परेश म्हणाला. "जमीला म्हणून."

"हाक आहे. शुभ्राला आहे असं आपण धरलं. कौसर, राणीच्या वाड्यात कोण कोण होतं?"

कौसरबाईंचे ओठ आवाज न करता काहीतरी जुळवत होते. मग त्या उठल्या. पाठ किंचित वाकली, उजवा हात नसलेल्या काठीवर स्थिरावला.

"दासी होती," त्या म्हणाल्या. "तिचं नाव जमीला."

आणि त्या बोलू लागल्या. राणी दासीला सांगते की माझा मुलगा आज दूत पाठवील, त्याला वाटतं मी थकले. दासी म्हणते, बाईसाहेब, पेटीत राज्याची मोहोर आहे. राणी म्हणते, मोहोर ज्याला हवी त्याला नेऊ दे, हात माझाच लागेल. मग ते वाक्य आलं, त्याच खर्जात, त्याच दमाने: या जमीला, आती अस्संदूक लिर्रजुल अलल-बाब. त्यानंतर दासीचं उत्तर, दूताचं बोलणं, राणीचा शेवटचा दम, सगळ्यांची वाक्यं कौसरबाई एकट्याच म्हणत गेल्या. एकेक ज टाळूवरून स्वच्छ सुटत होता. कुठे अडखळणं नाही.

प्रवेश संपला. अफशाने हातातली फाईल हळूच टेबलावर ठेवली.

"चाळीस वर्षांपूर्वीचं," ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला चार पानं पाठ होतील ना, असं विचारायला आले होते."

परेशने खिडकीजवळून मान पुढे केली. "पण ताई, ती मालिका तर कुणाकडेच नाही. मी सांगितलं ना."

"तुम्ही सांगितलंत. दुसऱ्यांदा कधी दाखवलीच नाही. मग एक सहा वर्षांची मुलगी तिच्यातल्या राणीसारखं वाकून खाकरते, ती कुठून शिकली? भिंतीवरचा फोटो तर खाकरत नाही." छायाबाई तहसीनकडे वळल्या. आवाज वर्गातलाच होता, मूल चुकलं की असायचा तसा. "तुमचे वडील तिथे ध्वनिमुद्रणाला होते. टेप तुमच्या घरी आहेत, तहसीन. आणि शुक्रवारी सोफ्यावर फोनजवळ तुम्ही बसला होतात."

तहसीनने खाली पाहिलं. बॅगेचा पट्टा त्याच्या मुठीत होता.

"बाबांनी स्वतःसाठी कॅसेट उतरवून घेतल्या होत्या," तो म्हणाला. "मी साफ करून मुलींना ऐकवायचो. हे वाक्य आलं तेव्हा... पेटी गाडीत आहे. डिकीत, ब्लँकेटमध्ये. मला विकायची नव्हती, अम्मतो. मला फक्त वाटलं, तू आपण होऊन थांबशील."

"मी माझ्या डोक्यावर संशय घ्यावा म्हणून."

"तू परत पडलीस तर? त्या दिवशीसारखी फरशीवर. माझ्याकडून दुसऱ्यांदा ते सहन होणार नाही."

कौसरबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्याहून हातभर बुटक्या होत्या, तरी तोच लहान दिसला.

"पडले तर पडेन. पडलेलं मला आठवेल," त्या म्हणाल्या. "पण गेले दोन दिवस मी आरशात बघत होते आणि मला माझीच खात्री नव्हती. ते पडण्याहून वाईट होतं, तहसीन. तू माझ्याच कामाने मला म्हातारी ठरवलंस."

तहसीनने मुठीतला बॅगेचा पट्टा सोडला.

"पेटी आण वर."

तो आणायला गेला. परेश हळूच छायाबाईंजवळ सरकला. "ताई, त्या टेप्स. तहसीन देईल का प्रदर्शनाला?"

"आधी चहा प्या," छायाबाई म्हणाल्या. "एका दिवसात एकच गोष्ट मागावी."

तहसीन पेटी घेऊन आला आणि आत्यापुढे धरली. कौसरबाईंनी ती घेतली नाही.

"उद्या सुट्टी टाक," त्या म्हणाल्या. "मी कुठे चढते, कुठे उतरते, सगळं बघ. तुला भीती वाटते ना, मग जवळ उभा राहून वाटू दे. पेटी तूच सांभाळायची. माझा शॉट लागेपर्यंत दारावर उभं राहायचं."

८

सोमवारी सकाळी सेटवर, जुन्या होडीच्या देखाव्यासमोर, कौसर हिल्मी खुर्चीत बसल्या होत्या. छायाबाईंना अफशाने मुद्दाम बोलावलं होतं. त्या मॉनिटरजवळ बसल्या. स्टुडिओच्या दारात तहसीन लाकडी पेटी दोन्ही हातांनी धरून उभा होता. येणारे-जाणारे त्याला चुकवून जात होते. त्याची नजर आत्याच्या पायांखालच्या फळीवर होती. थोड्या वेळापूर्वी त्यानेच सुताराला बोलावून तिचा एक हलणारा खिळा ठोकून घेतला होता.

"शुभ्रा," कौसरबाई म्हणाल्या, "या गमीला, दारावरच्या माणसाकडून पेटी आण."

शुभ्रा हसू दाबत गेली आणि घेऊन आली. तोडे पायांत चढले. कौसरबाईंनी एक पाऊल आपटून पाहिलं. आवाज आला, जड आणि गोल.

सहायकाने येऊन विचारलं, "मॅडम, रेडी? यल्ला?"

कौसरबाईंनी मॉनिटरकडे, छायाबाईंकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "जरा थांब."

छायाबाईंनी कान दिला. जीभ दातांच्या मागे होती. पहिला जरा.